मेरी वेडच्या मुलांची हजेरी कुणी घेतली?



जानेवारी संपता संपता आमच्या गावाकडच्या एका ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. आशय असा: लंडनमध्ये फ्रॉक चोरणाऱ्या एका भिकारी पोरीला इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात हाकललं. तिने रडगाणं गायलं नाही, सवलती मागितल्या नाहीत, मुकाट्याने कष्ट केले, आणि तिच्याच वंशात पुढे देशाचा पंतप्रधान झाला. आपल्याकडे मात्र काही लोक सत्तर वर्षं... पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आमच्यातल्या एका पोराने लगेच विचारलं, याला उत्तर काय टाकायचं? दोन शिव्या हासडणं सोपं होतं. पण बाबासाहेबांच्या माणसाने आधी कागद बघायचा असतो. त्या मुलीच्या खटल्याचं कामकाज त्या काळीच छापलं गेलेलं आहे, ते आज कुणालाही वाचता येतं. आम्ही वाचलं. आणि लक्षात आलं की मेसेज खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा आपल्याला फार उपयोगाचा आहे.

मुलीचं नाव मेरी वेड. (हे आडनाव आहे, वेडेपणाशी संबंध नाही. या गोष्टीत वेडा होतो तो राजा, ते पुढे येईलच.) तिच्या जन्मसालाबद्दल नोंदी एक बोलत नाहीत, पण चोरीच्या वेळी ती अकरा ते तेरा वर्षांची पोर होती, यात वाद नाही. लंडनच्या रस्त्यावर झाडू मारायचा आणि त्या निमित्ताने येणाऱ्याजाणाऱ्यांकडे हात पसरायचा, हा तिचा धंदा. घोडागाड्यांमुळे रस्ते लिदीने आणि चिखलाने भरलेले. साहेब-मडमांचे बूट खराब होऊ नयेत म्हणून गरिबाची पोरं पुढे पुढे झाडत चालायची आणि मग पैसा मागायची.

या झाडूपाशी आपण थोडं थांबू. आपल्या वाचकाला झाडू म्हटलं की जात आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण मेरीच्या हातातला झाडू गरिबीने दिलेला होता, जन्माने नव्हे. उद्या ती दुसऱ्या गावी गेली आणि तिने हातात सुई घेतली, तर 'तू झाडणाऱ्याची, तू झाडूच मार' असं म्हणणारं शास्त्र तिथे नव्हतं. भूक होती, थंडी होती, मारहाण होती. शास्त्र नव्हतं. हा फरक ध्यानात ठेवा, सगळा लेख त्यावरच उभा आहे.

५ ऑक्टोबर १७८८. मेरी आणि तिची चौदा वर्षांची सोबतीण जेन व्हायटिंग यांना सरकारी खजिन्याच्या आवारात मेरी फिलिप्स नावाची आठ वर्षांची मुलगी दिसली. ती बाटलीत पाणी भरायला आली होती. दोघींनी तिला जवळच्या संडासात नेलं आणि अंगावरचे कपडे काढून घेतले: एक सुती फ्रॉक, खांद्यावर घ्यायचं एक कापड आणि एक टोपी. फ्रॉक गहाणवटीच्या दुकानात गेला. दुसऱ्या एका मुलीने चुगली केली, शिपाई मेरीच्या खोलीवर आला, तिथे ते खांद्यावरचं कापड सापडलं. संपलं.

म्हणजे चोरी कुणी केली? उघड्यावरच्या पोरीने. कुणाकडे? पाणी भरायला आलेल्या, तिच्याहून लहान पोरीकडे. कुठे? साम्राज्याचा पैसा जिथे मोजला जात होता त्या खजिन्याच्या संडासात. आम्ही मेरीला देवी करणार नाही. तिला त्या लहान मुलीची दया आली नव्हती. उलट, तिला संडासात ढकलून द्यायला हवं होतं अशा अर्थाचं मेरी बोलल्याची साक्ष कोर्टात झाली. भुकेने माणूस पवित्र होत नाही. शोषित म्हणजे सद्गुणाचा पुतळा, असं आपणही आपल्या भाषणांत मांडू नये. न्याय मागायला चांगलं असण्याची अट कशाला?

आता कायदा बघा. त्या काळच्या इंग्लंडात दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती. त्यातले बहुतेक मालमत्तेविरुद्धचे. हा योगायोग नव्हता. गावोगावची सामाईक कुरणं, जिथे गरिबाची गाय चरायची, जळण मिळायचं, ती संसदेत कायदे करून कुंपणात घातली जात होती. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत असे सुमारे चार हजार कायदे झाले. संसदेत बसलेले कोण? जमीनदार. कुरण कुणाच्या घशात गेलं? जमीनदारांच्या. गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांबरोबर तुरुंगात गेलेल्यांच्या नातवंडांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गावातून उठलेला माणूस लंडनला आला, तिथे काम नाही, मग पोरं रस्त्यावर. आणि रस्त्यावरची पोरं म्हणजे चोर. ज्यांनी कुरण नेलं त्यांच्या लुटीला 'सुधारणा' म्हणत. ज्यांनी फ्रॉक नेला त्यांच्या लुटीला फाशी.

मेरीवरचा आरोप साध्या चोरीचा नव्हता. अंगावरून, धाक दाखवून नेलं म्हणून तो वाटमारीचा ठरला. वाटमारीला किमतीची मर्यादा नसे. वस्तू सोन्याची असो की सुताची, शिक्षा मरण. १४ जानेवारी १७८९ रोजी ओल्ड बेलीच्या कोर्टात दोघींना गळफास सुनावला गेला.

इथे एक जुनी इंग्रज रीत सांगण्याचा मोह आवरत नाही. कित्येक शतकं इंग्लंडात असा नियम होता की आरोपीने स्वतः धर्मगुरू वर्गातला असल्याचं दाखवलं तर पहिल्या गुन्ह्याला तो फाशीतून सुटे. आणि दाखवायचं कसं? बायबलमधला एक ठरलेला श्लोक वाचून. ज्याला वाचता आलं त्याचा गळा वाचला. ज्याला नाही त्याच्या गळ्यात दोर. पुढे काही हुशार चोरांनी तो श्लोकच पाठ करून ठेवला, ही गंमत वेगळी! वाचनाची ती परीक्षा १७०६ साली रद्द झाली, सूट मात्र १८२७ पर्यंत टिकली, आणि वाटमारीसारखे गुन्हे त्या सुटीच्या बाहेर काढलेले होते. त्यामुळे मेरीला तिचा उपयोग नव्हता. तरी अक्षर म्हणजे जीव, हा हिशेब फक्त आपल्याच देशात होता असं समजू नका. आपल्याकडचा मनू तर एक पाऊल पुढे. आठव्या अध्यायात तो सांगतो की ब्राह्मणाने कोणतंही पाप केलं तरी त्याला मारू नये, त्याच्या धनासह आणि अंगाला इजा न करता देशाबाहेर घालवावं. हद्दपारी तीही, हद्दपारी मेरीचीही. एकाच्या सोबत त्याचं धन जातं, दुसरीच्या सोबत बेडी.

मेरी फाशी गेली नाही ती कुणाच्या दयेने? राजाच्या आजारपणामुळे. तिसरा जॉर्ज १७८८ च्या शरद ऋतूत भ्रमिष्ट झाला होता. डॉक्टर त्याला बांधून ठेवत. मार्च १७८९ मध्ये तो बरा झाल्याचं जाहीर झालं आणि त्या आनंदात फाशीच्या कोठडीतल्या बायांना हद्दपारीचा पर्याय दिला गेला. काही बायांनी तो नाकारला. सारा काउडेन नावाच्या तरुणीने भर कोर्टात मरण पत्करते पण जात नाही अशी भूमिका घेतली. पुष्कळ समजूत घातल्यावर ती वळली. विचार करा, ज्या जागेपेक्षा दोर बरा वाटावा अशी ती जागा काय म्हणून ऐकिवात असेल. आणि राजाचं डोकं आणखी महिनाभर ठिकाणावर आलं नसतं तर? ज्याला 'राजाची कृपा' म्हणतात ती अशी असते. म्हणून आपण कृपेवर नाही, कलमावर भर देतो.

जहाजाचं नाव लेडी ज्युलियाना. दोनशेहून अधिक बाया. जुलै १७८९ ला इंग्लंड सुटलं आणि ३ जून १७९० ला सिडनी आलं. दहा महिन्यांच्या वर. या जहाजावर वाटेत पाचेक मृत्यू झाले, जे त्या काळात फार कमी मानले जातात. खाणं बरं होतं. पण खलाशांनी बाया 'वाटून' घेतल्या होत्या, हे त्याच जहाजावर काम केलेल्या जॉन निकोलने पुढे स्वतःच्या आठवणींत मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. त्याला त्यात गैर वाटत नव्हतं. अशा जहाजावर मेरी आणि जेनसारख्या पोरीही होत्या.

मागून त्याच ताफ्याची तीन जहाजं आली: सरप्राइझ, नेपच्यून आणि स्कारबरो. त्यांचा ठेका गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका लंडनच्या पेढीकडे होता. दर माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. हा दर जहाजावर चढवलेल्या डोक्यामागे होता. जिवंत उतरवलेल्या डोक्यामागे नव्हे. म्हणजे कैदी जितका लवकर मरेल तितकी त्याची शिधा वाचणार आणि ती पुढे विकता येणार. सुमारे हजार माणसं चढली होती, अडीचशेच्या वर वाटेतच मेली. गुलामांसाठी बनवलेल्या आखूड बेड्यांत माणसं गुडघाभर पाण्यात पडून होती. गटारात माणूस उतरवण्याचे ठेके आपल्याकडे कसे दिले जातात, ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हा करारनामा ओळखीचा वाटेल.

लेडी ज्युलियाना किनाऱ्याला लागली तेव्हा सिडनी उपाशी होतं. धान्य घेऊन निघालेलं जहाज हिमनगावर आदळून वाया गेलं होतं. अडीच वर्षांत विलायतेहून पहिलंच जहाज आलं, आणि त्यातून निघाल्या बाया. वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने हा माल बिनकामाचा आणि फायद्याचा नसलेला असल्याची नोंद केली आहे. 'माल' हा शब्द आम्ही आमच्या पदरचा घातलेला नाही.

थोड्याच दिवसांत मेरीला आणखी पुढे, समुद्रात हजारेक मैलांवरच्या नॉरफोक बेटावर पाठवलं. तिथे माणसं समुद्रपक्षी मारून खात होती. १७९० सालच्या त्या हंगामात डोंगरावर घरटी करणारे ते पक्षी इतके मारले की पुढे ते त्या बेटावरून नाहीसे झाले. तिथे तिचा टीग हॅरिगन नावाच्या आयरिश माणसाशी संसार झाला, मुलं झाली. मग सिडनीला परत. पुढे टीग देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावर गेला आणि मेरीने जोनाथन ब्रूकर नावाच्या दुसऱ्या एका माजी कैद्याबरोबर घर मांडलं. या पुरुषांबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. मेरीची एकूण एकवीस बाळंतपणं सांगितली जातात. त्यातली सात मुलं ती मेली तेव्हा हयात होती. या दोन आकड्यांच्या मध्ये एका बाईचं अख्खं शरीर आहे, पण मेसेजवाल्याला त्यात फक्त 'जिद्द' दिसते.

१८१२ साली तिला सुटकेचा दाखला मिळाला. हा कागद फार महत्त्वाचा. शिक्षा संपली, आता तू मोकळी. ती कामाला जाऊ शकत होती, जमीन धरू शकत होती, गाव बदलू शकत होती. आणि त्याहून महत्त्वाचं असं, की तिच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मतःच स्वतंत्र होतं. कैद्याचं मूल कैदी नव्हे, हा त्या वसाहतीतला कायदा होता. आईबाप दोघेही चोर असले तरी पाळण्यातलं पोर चोर नव्हतं.

त्या वेळचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याने तर शिक्षा भोगून झालेल्यांना समाजात पूर्वीची जागा मिळाली पाहिजे असं धोरणच केलं. माजी कैद्यांना तो स्वतःच्या पंगतीला बसवी. पंगतीवरून तिथेही दंगा झाला! स्वखुशीने आलेले गोरे श्रीमंत तोंड फिरवून बसत, आम्ही चोरांसोबत जेवणार नाही म्हणत. मॅक्वारी हटला नाही. त्याने माजी कैद्याला न्यायदंडाधिकारी केलं. बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात हद्दपार झालेल्या फ्रान्सिस ग्रीनवेला सरकारी वास्तुविशारद केलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर याच बनावटगिरीवाल्याचं चित्र आलं. आजच्या वीसच्या नोटेवर मेरी रीबी आहे, जी पोरवयात घोडा चोरल्याबद्दल पाठवली गेली होती. आपल्या नोटेवर एखाद्या पारध्याचा चेहरा आल्याचं स्वप्न तरी कुणाला पडलं आहे का?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग इंग्रज न्यायी होते. थांबा. मॅक्वारीच्या पंगतीला वाढलेलं अन्न कुणाच्या जमिनीत पिकलं होतं?

मेरी आणि ब्रूकर सिडनीच्या नैऋत्येला एअर्ड्स भागात शेती करू लागले. १८२२ पर्यंत साठेक एकर त्यांच्याकडे होती. ती जमीन धरावल लोकांची. त्याच्याच शेजारच्या ॲपिन भागात १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी धरावलांच्या मुक्कामावर हल्ला केला. अंधारात गोळीबार झाला, माणसं पळाली, काही जण कड्यावरून खाली कोसळली. निदान चौदा जण मेले, त्यात बाया आणि मुलं होती. मारलेल्या पुरुषांची प्रेतं झाडांना टांगावीत, म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल, असा त्या गव्हर्नरचा हुकूम होता. होय, हाच तो गव्हर्नर, चोरांना मानाने जेवायला बसवणारा. हा माणूस आधी मुंबईत लष्करी नोकरीला होता, त्याचं पहिलं लग्नही मुंबईतच झालं, आणि १७९५ साली कोचीनला त्याने दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले होते.

मेरी वेड त्या हल्ल्यात नव्हती. बंदूक तिने उचलली नाही. पण तिचं शेत त्या बंदुकीच्या आडोशाने पिकलं. लंडनमध्ये जिला पाय ठेवायला जागा नव्हती, तिला जागा मिळाली ती दुसऱ्याच्या पायाखालची काढून. एका बाजूला फ्रॉक चोरणारी मालकीण झाली, दुसऱ्या बाजूला हजारो वर्षांचा मालक स्वतःच्या रानात घुसखोर ठरला. ज्याला 'कष्टाचं फळ' म्हणतात त्यात किती कष्ट आणि किती लूट, हे तराजूत टाकल्याशिवाय आम्हाला कुणी मेरीची गोष्ट सांगू नये. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारू. आपण वर येतो तेव्हा आपल्यापेक्षा खालचा कुणी आपल्या पायाखाली येतोय का? वस्तीत नवी पालं पडली की आपलेच काही लोक पोलिसांना फोन करतात. आम्ही हे पाहिलं आहे.

ब्रूकर १८३३ साली गेला. मेरी १७ डिसेंबर १८५९ रोजी वूलनगाँगजवळ फेअरी मेडो इथे वारली. तेव्हा तिची मुलं-नातवंडं-पतवंडं मिळून तीनशेच्या वर जिवंत माणसं होती. शेतकरी, कष्टकरी, संसारी माणसं. त्या काळी युरोपात असं म्हणणाऱ्या विद्वानांची चलती सुरू होत होती की गुन्हेगारी रक्तात असते. त्यांनी मेरीच्या घरी जाऊन तीनशे माणसं मोजायला हवी होती. १७८८ ते १८६८ या काळात १,६२,००० च्या आसपास कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले गेले, त्यातल्या सुमारे पंचवीस हजार बाया होत्या. रक्ताचा सिद्धांत खरा असता तर तो अख्खा खंड आज दरोडेखोरांचा असता.

डाग मात्र लागला होता, हे मान्य करू. तिथल्या कुटुंबांनी तीन-चार पिढ्या आपले कैदी पूर्वज लपवले. आजी विचारलं तर विषय बदलायची. पुण्या-मुंबईत खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगणाऱ्या आपल्या माणसांना ती चोरटी भावना कळेल. पण तो डाग कागदावर नव्हता, लोकांच्या जिभेवर होता, आणि जिभेवरचा डाग पैसा आला की पुसतो. आज तिथले लोक आपला पणजोबा कैदी होता हे अभिमानाने शोधून काढतात. केव्हिन रड पंतप्रधान झाले आणि २००८ साली त्यांना त्यांची वंशावळ भेट मिळाली, तेव्हा त्यात मेरी वेड निघाली. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता दुसरा अर्धा भाग, जो मेसेजमध्ये नव्हता.

मेरी वारल्यावर अवघ्या बारा वर्षांनी, १८७१ साली, याच ब्रिटिश सत्तेने हिंदुस्थानात क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. न्यू साउथ वेल्समध्ये ज्यांनी चोराचं मूल चोर नाही असं मानलं, त्यांनी इथे चोराचं मूल चोरच असतं असा कायदा केला. त्यांना हे सुचलं कुठून? कायद्याच्या समर्थनाचा युक्तिवाद वाचा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, धंदा जातीने ठरतो, तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच. म्हणजे इंग्रजाने बंदूक विलायतेहून आणली, पण गोळी इथेच मिळाली. ती जातीच्या कारखान्यात तयार होती. मेरीच्या हातातला झाडू आणि आपल्या हातातला झाडू यांत जो फरक सुरुवातीला सांगितला, तोच हा.

या कायद्यात सरकारने एकदा एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्याविरुद्ध कोर्टात दाद नव्हती. आरोप नको, साक्ष नको, खटला नको. मेरीला निदान खटला तरी मिळाला होता. रजिस्टरमध्ये नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार घेतला. आमच्याकडे सोलापूरची सेटलमेंट आणि तिच्या तारेच्या कुंपणाच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं परवापरवापर्यंत होती. मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींचा कारभार पाहणारा ओ. एच. बी. स्टार्ट हा अधिकारीच पुढे १९२८ ला नेमलेल्या स्टार्ट कमिटीचा अध्यक्ष झाला, आणि त्या कमिटीत बाबासाहेब सदस्य होते. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य पाच कोटी, आदिवासी दीड कोटी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती दोन कोटी असे आकडे एका रांगेत मांडले आणि अशा समूहांना जन्म देणाऱ्या संस्कृतीला संस्कृती तरी म्हणावं का, असा सवाल केला. इंग्रजांच्या कायद्याखाली आलेल्या जमातींचा जाब त्यांनी हिंदू समाजव्यवस्थेला विचारला, हे नीट लक्षात घ्या. गोळी कुठे बनते हे त्यांना ठाऊक होतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. जमाती 'विमुक्त' झाल्या. पण मेरीला जसा सुटकेचा दाखला मिळाला तसा यांना मिळाला नाही. साठ एकर तर सोडाच. एका हाताने कायदा काढला, दुसऱ्या हाताने सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले. मुंबई राज्यात तो १९५९ साली झाला. पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. चोरी झाली की पहिली गाडी आजही कोणत्या पालावर जाते, हे विचारायला संशोधन लागत नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीनुसार कामं आणि 'भटक्या, गुन्हेगार जमाती' असे उल्लेख ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुखाने नांदत होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात ते घटनाबाह्य ठरवले. पंच्याहत्तर वर्षं लागली, आणि तीही एका पत्रकार बाईने पाठपुरावा केला म्हणून.

मेसेजमधल्या पंतप्रधानाबद्दलही एक गोष्ट राहिली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी हेच केव्हिन रड ऑस्ट्रेलियाच्या संसदेत उभे राहिले आणि तिथल्या मूळनिवासी आईबापांपासून सरकारने तोडून नेलेल्या मुलांच्या पिढ्यांची त्यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. चोराच्या वंशजाने राज्याच्या चोरीची कबुली दिली. माफीने जमीन परत आली नाही, तरी शब्द संसदेच्या कागदावर चढले. आपल्या संसदेत सेटलमेंटमधल्या त्या चार वर्षांच्या पोरांची माफी कुणी, कधी मागितली आहे?

आम्ही त्या ग्रुपवर एवढंच लिहून पाठवलं: "मेरी वेडच्या मुलांना रोज कोणत्या पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागत होती, तेवढं सांगा. मग कष्टाबद्दल बोलू." त्यावर एका काकांचा अंगठा आला, आणि पाठोपाठ कुणीतरी शुभ सकाळचं फूल टाकलं.

येत्या अभ्यासवर्गात १८७१ च्या कायद्याची कलमं आणि १९४८ ची ती प्रस्तावना शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांचा हजेरीचा पास किंवा सेटलमेंटचा कुठलाही कागद असेल त्यांनी तो सोबत आणावा. फोटो काढून लगेच परत देऊ.

जय भीम.